सराफी घडीचं भिंग: शाळेसाठी घेतलं, दोन महिने वापरलं

माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी चौथीचा वर्ग शिकवते. मेच्या सुट्टीत पुण्यात एका दुकानातून सराफ वापरतात तसलं घडीचं भिंग घेतलं, २२० रुपयांना. स्टीलचं कवच, आत २१ मिलिमीटरची काच, दोरी ओवायला कडी. त्याची खरी परीक्षा जूनमध्ये झाली.

मृग लागला, एक सर पडली आणि पोरं काड्यापेट्या घेऊन मृगाचे किडे गोळा करायला लागली. तेवढ्यात एक मुलगी कुंपणाजवळ ओरडली, "बाई, ह्यो बघा केवढा पळतोय!" तांबडं मखमली अंग, काळ्या पोटावर पांढरे ठिपके. ती हात घालणार तोच मी मनगट धरलं. मृगाचा किडा आठ पायांचा, कोळ्याच्या गोतावळ्यातला, बिचारा काही करत नाही. ही होती मखमली मुंगी. नावाला मुंगी, जातीनं बिनपंखी गांधीलमाशी, आणि डंख असा की मोठं माणूससुद्धा कळवळेल.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली तिच्या वाटेत आडवी धरली, ती आपणहून आत शिरली. तोंडाला कापसाचा बोळा लावला. दुसऱ्या बाटलीत एक मुंगळा घेतला आणि दोघांना भिंगाखाली शेजारी शेजारी धरलं.

इथं या भिंगानं पैसे वसूल केले. मुंगळ्याची मिशी कोपरात वाकलेल्या हातासारखी: आधी एक लांब सरळ दांडा, मग काटकोनात वळण. मखमली मुंगीच्या मिशीला असं कोपर नाही, ती मण्यांच्या सरीसारखी बाक घेत जाते. मुंगळ्याच्या कमरेवर एक खवल्यासारखा उंचवटा उभा दिसतो, हिच्या कमरेला तसा उंचवटा नाही. छाती म्हणजे जणू एकसंध पेटी, वरून शिवणकामाच्या टोपणासारखे खळगे. आणि ते पांढरे ठिपके? नुसत्या डोळ्यांना रंग वाटतो, भिंगातून कळतं की ते दाट पांढऱ्या केसांचे झुपके आहेत. हे बघून मुलं एकदम गप्प झाली. बाटली जरा हलवली तर आतून बारीक चिरचिर ऐकू आली. पोटाचे भाग एकमेकांवर घासून ती असा इशारा देते.

"बाई, हिचं वारूळ कुठाय?" असं एकानं विचारलं. वारूळ नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. ती एकटीच हिंडते. जमिनीत बिळं करणाऱ्या एकांड्या माश्यांच्या घरात शिरून त्यांच्या वाढलेल्या अळीवर किंवा कोशावर अंडं घालते, तिची अळी तेच खाऊन मोठी होते. अशा परक्या घरात जायचं तर कवच टणक हवंच. पंखांचं गणितही मुंग्यांहून वेगळं. मुंग्यांत राणीला पंख असतात, मीलनानंतर ती ते टाकून देते. इथं मादीला जन्मभर पंख नाहीत, नर मात्र पंखवाला. डंख मारते ती मादीच, कारण नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचंच बदललेलं रूप. दहा मिनिटांनी तिला पकडलं होतं तिथंच सावलीत सोडलं.

आता तक्रार. डबीवर "३० एक्स" छापलंय, ते खोटं आहे. वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते, म्हणजे भिंग दहापट. खरं तीसपट असतं तर आठ मिलिमीटरवर धरावं लागलं असतं आणि बाटलीतलं जनावर दिसलंच नसतं. तेव्हा दहापटच आपल्या कामाचं, पण लिहायचं तर खरं लिहावं ना! महिन्याभरात बिजागरीचा स्क्रूही सैल झाला, चष्म्याच्या पेचकसानं आवळला. कडेला थोडे रंग फुटतात, मधोमध चित्र स्वच्छ.

मोबाईलला चिमट्यानं लावायची काचही आणून बघितली. पळत्या किड्यावर ती टिकत नाही, हात हलला की सगळं पुसट. भिंग डोळ्याला भिडवायचं, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा आणि बाटली हळूहळू जवळ आणायची. मुलांना हे दोन दिवसांत जमलं.

पाचपैकी चार. वर्गासाठी आणखी दोन मागवली आहेत. तुम्हीही घेणार असाल तर सोबत अरुंद काचेची बाटली ठेवाच, आणि तांबडं मखमली काही दिसलं की आधी पाय मोजा, हात नंतर.