पंधरा लिटरचा गिझर: यंत्र चांगले, बसवणी मात्र डोळ्यांत तेल घालून करून घ्यावी

नाशिकच्या आमच्या सदनिकेत दोन हिवाळ्यांपूर्वी एका नामांकित कंपनीचा १५ लिटर क्षमतेचा, २००० वॅटचा साठवणीचा गिझर बसवला. यंत्राबद्दल मी समाधानी आहे. कंपनीने पाठवलेल्या बसवणीच्या सेवेबद्दल मुळीच नाही. विकत घेताना आपण पाचपाच दुकाने फिरून टाकी, तारांकन आणि किंमत पाहतो, पण घरातल्या माणसांची सुरक्षितता ज्या कामावर अवलंबून आहे ते काम अर्ध्या तासात उरकू देतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी यंत्राविषयी. तीन लिटरचा झटपट गिझर स्वस्त आणि लहान असतो, पण तो बहुधा ३००० वॅटचा असल्याने १३ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. आमच्या १९९०च्या दशकातल्या इमारतीतील वायरिंगला तो भार नको, म्हणून २००० वॅटचा, म्हणजे सुमारे पावणेनऊ अँपिअरचा साठवणीचा गिझर निवडला. आयएस २०८२ या मानकाचा आयएसआय शिक्का आणि ऊर्जा कार्यक्षमतेच्या ताऱ्यांचे लेबल पाहून घेतले. २० अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला त्याला वीस-बावीस मिनिटे लागतात आणि पाऊण युनिटच्या आतच वीज खर्च होते. बटण बंद केल्यावर दोन-तीन तासांनीही पाणी चांगले गरम मिळते. दिसण्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही.

बसवणीच्या दिवशी तंत्रज्ञ आला, त्याने भिंतीला भोके पाडली, नळ्या जोडल्या, पिन सॉकेटमध्ये खोचली आणि कागदावर सही मागितली. त्याने वायर किती जाडीची आहे हे विचारले नाही, अर्थिंग तपासले नाही, भिंत भरीव विटांची आहे की पोकळ ठोकळ्यांची हेही ठोकून पाहिले नाही. पाण्याने भरल्यावर गिझरचे वजन पंचवीस किलोच्या आसपास जाते आणि ते वर्षानुवर्षे डोक्यावर लटकत राहते. त्यासाठी अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतून बसणारे बोल्ट, नीट धरले आहेत ना, हे हाताने ओढून पाहायला हवे होते. मी सही केली नाही आणि आमच्या नेहमीच्या वायरमन काकांना बोलावले.

काकांनी बोर्ड उघडला आणि म्हणाले, "ताई, बोर्ड सोळाचा आहे, पण आतली वायर दिव्याची आहे." सॉकेट १६ अँपिअरचे, पण त्याला आलेली वायर जुनी आणि बारीक होती. नंतर त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला १०० वॅटचा दिवा काढला. वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल यांच्यामध्ये तो लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये त्याची तार नुसती लालसर झाली, म्हणजे अर्थिंग कमकुवत होते. सॉकेटला वरचे मोठे भोक असले म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही, हे मला त्या लालसर तारेने दाखवले. गिझरमधील तापक, म्हणजे पाणी तापवणारा भाग, कधी फुटला आणि टाकीत वीज उतरली, तर ती जमिनीत जायला धड वाट नव्हती. ओल्या अंगाने नळाखाली उभा असलेला माणूसच ती वाट ठरला असता. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यातील जोड गंजला होता. सोसायटीने तो बदलला, आम्ही मीटरपासून गिझरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवते. माणसाला धक्का बसू लागताच वीज तोडण्याचे काम आरसीसीबीचे आहे, आणि एक असली म्हणून दुसरी नको असे होत नाही. ही सगळी तपासणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. घरच्यांनी तो दिवा हातात धरू नये.

दुसरी अडचण महिनाभराने आली. थंड पाण्याच्या नळीवरच्या सुरक्षा झडपेतून पाणी तापताना थेंब गळू लागले. तक्रार केल्यावर तोच तंत्रज्ञ आला आणि म्हणाला, "टेप गुंडाळून बंद करून देतो." त्याला मी हात लावू दिला नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की साधारण पाव लिटरने फुगते, आणि झडप ते परत थंड नळीत जाऊ देत नसल्याने दाब वाढून थेंब बाहेर पडतात. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यांसाठी दाबाचा पंप आहे, त्यामुळे ते अधिक जाणवते. ही झडप साधारण ८ बार दाबाला उघडते. तिचे तोंड बुजवले आणि त्याच दिवशी ठरलेल्या तापमानाला वीज थांबवणारा थर्मोस्टॅट व पाणी फार तापल्यास वीज तोडणारा कटआउट दोन्ही बिघडले, तर टाकी फुटण्याला कोणी अडवणार नाही. आम्ही झडपेच्या तोंडाला छोटी नळी लावून ती मोरीपर्यंत उतरवली आणि तिचे टोक उघडे ठेवले.

वापराच्या बाबतीत घरात तीन नियम केले आहेत. पाणी बंद राहिल्यानंतर गरम नळातून सलग धार आल्याशिवाय बटण दाबायचे नाही, कारण कोरड्या टाकीत तापक जळतो. आंघोळीआधी बटण बंद करायचे. अर्थिंग आणि आरसीसीबी असली तरी ही सवय मी मोडू देत नाही. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, आणि सासूबाईंच्या हाताला आता उष्णता चटकन कळत नाही.

यंत्राला पाचपैकी चार तारे देईन, बसवणीला एक. उरलेला एक तारा देखभालीमुळे कापला आहे. आमचे पाणी बोअरवेलचे, क्षारयुक्त. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी दीड वर्षात निम्म्याहून अधिक झिजली होती आणि तापकावर पांढरा थर साचला होता. टाकीच्या हमीपत्रात या कांडीच्या तपासणीचा उल्लेख बारीक अक्षरांत आहे, पण बसवायला आलेल्या माणसाने तो तोंडाने सांगितला नाही. कठीण पाणी असणाऱ्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा, पावसाळा संपता संपता, स्वतःहून मागणी करून करून घ्यावी.