खाडीच्या पाण्यासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर: कुठे चालतो, कुठे फसतो

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो यावरून क्षारता सांगणारं उपकरण. ० ते १०० पीपीटी (हजार भागांत किती भाग क्षार) पट्टीचा हा रिफ्रॅक्टोमीटर कोळंबी-तलाववाले सर्रास वापरतात. मांडवी-झुआरीसारख्या खाडीत मात्र तो जपून वापरावा.

काचेवर दोन-तीन थेंब टाका, झाकण बुडबुडा न राहता बसवा, अर्धा मिनिट थांबा, मग निळ्या-पांढऱ्या रेषेवर आकडा वाचा. रोज डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बऱ्याच स्वस्त पट्ट्या साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेल्या असतात, त्यामुळे ३५ चं समुद्राचं पाणी दीड-दोनने जास्त दिसतं. ३५ चं प्रमाणित द्रावण घेऊन तिथेही तपासा. तापमान-दुरुस्ती बहुधा १० ते ३० अंशांपुरतीच असते; उन्हात तापलेल्या डब्यातला नमुना आधी सावलीत ठेवा. गाळ असेल तर रेषा फिसकटते. नमुना निवळू द्या. गाळासकट पुसलंत तर काचेला ओरखडे पडलेच.

खरी अडचण ० ते ५ पीपीटीत. नदीतून विरघळून आलेलं लोह आणि सेंद्रिय द्रव्य खाऱ्या पाण्याला भेटताच इथेच गुठळ्या होऊन खाली बसतं, आणि एक-एक पीपीटीच्या खुणांची ही पट्टी नेमकी इथेच आंधळी! या टप्प्याला पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटरच हवा.

पुढच्या टप्प्यात उपकरण पैसे वसूल करतं. नदी ते समुद्र नमुने घेऊन नायट्रेटचं (पाण्यात विरघळलेल्या नत्राचं) प्रमाण क्षारतेसमोर आलेखावर मांडा. बिंदू नदी आणि समुद्र ही दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेवर आले तर नुसती मिसळण. रेषेखाली गेले तर शेवाळ किंवा चिखलातले जीवाणू नायट्रेट खाताहेत. वर आले तर मध्येच कुठून तरी भर पडतेय, सांडपाणी तपासा. पावसाळ्यात वरचं पाणी गोडं नि तळाचं खारं असू शकतं, म्हणून दोन्हीकडचा नमुना घ्या.