बॉनेटवरचे खडीचे टिपके आणि चौदा हजाराचं "नॅनो चिप फिल"

ज्यांच्या गाड्या मुंबई-गोवा हायवेला किंवा कुठल्याही काम चालू असलेल्या रस्त्याला पळतात त्यांनी हे जरूर वाचा. २०११ पासून त्या हायवेचं काम चालूच आहे, पुढे खडीचा डंपर, वरची ताडपत्री अर्धी उडालेली, ओव्हरटेकला जागा नाही, मग बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि बंपरला बारीक बारीक टिपके (ह्यालाच चिप म्हणतात) पडून पेंट उडतोच. ते टिपके भरून देतो सांगून पैसे कसे काढतात ते सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही, एकतर भांडण अजून मिटलेलं नाही आणि दुसरं म्हणजे ही पद्धत एकाच दुकानाची नाही हे नंतर कळलं.

चिपळूणहून पुण्याला आल्यावर गाडी धुवायला टाकली होती, डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी धुऊन-पॉलिश करून चकाचक करून देणाऱ्याकडे, चांगलं काचेचं दुकान, आत एसी, कॉफी वगैरे. धुवून झाल्यावर तिथला सुपरवायझर मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बॉनेट दाखवायला लागला. आता टॉर्च असा आडवा धरला ना, तर शोरूममधून आज काढलेल्या गाडीवर पण ढीगभर दोष दिसतात. मग त्याने पिवळ्या मास्किंग टेपचे तुकडे एकेका टिपक्याशेजारी चिकटवायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत बॉनेट देवी आलेल्या पोरासारखं दिसायला लागलं. बॉनेट आणि बंपर मिळून ४७ तुकडे झाले. "सर, आतून गंज सुरू झालाय, एका पावसाळ्यात पत्रा सडेल, आणि पूर्ण बॉनेट पेंट केलं तर ओरिजिनल पेंट गेला, विकताना भाव पाडतात, त्यापेक्षा आमचं नॅनो चिप फिल घ्या, पेंट न करता, लाइफटाइम गॅरंटी." टिपक्याला १८० रुपये, म्हणजे ८४६०, ते राउंड करून ८०००, आणि वर सिरॅमिकचा टॉप कोट (पेंटवर बसणारा पातळ संरक्षक थर) ६०००. पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वेगळा.

यातली खरी मेख ही की त्याचं निम्मं बोलणं खरं होतं. कंपनीच्या पेंटमध्ये पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर असतो, सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दगड नुसता क्लिअर किंवा रंगापर्यंत गेला, खाली राखाडी प्रायमर शाबूत दिसतोय, तर गंजाची घाई नसते. पत्रा उघडा पडला तर मात्र गंज धरतो, आणि कोकणातल्या दमट हवेत लवकर धरतो. पूर्ण पॅनल पेंट केलं की सेकंडहँड घेणारे भाव पाडतात हेही खरंच. पण ४७ पैकी पत्र्यापर्यंत गेलेले किती हे त्याने एकदाही सांगितलं नाही. आणि १६ तुकडे बंपरवर होते. बंपर प्लास्टिकचा! त्याला गंज कसला धरतोय?

दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी फोन आला, रेडी आहे सर. खरं सांगतो, दुकानातल्या त्या पांढऱ्या लाइटखाली गाडी अशी चमकत होती की बायको म्हणाली नवीन घेतल्यासारखी वाटतेय. टिपके शोधून सापडेनात. पैसे यूपीआयने दिले, गॅरंटी कार्ड घेतलं, घरी आलो.

पुढे पावसाचे दिवस, दोन-तीनदा गाडी घरीच शाम्पूने धुतली आणि टिपके एकेक करून परत वर यायला लागले. काही ठिकाणी चंदेरी ठिपका गळून पडला होता, काही ठिकाणी काळपट फुगीर गोळी उरलेली, आणि दोन ठिकाणी कडेने तांबूस कड दिसायला लागली, म्हणजे गंज धरलेल्या जागेवर तसंच काहीतरी चोपडून दिलेलं. आमच्या ओळखीचे एक पेंटर मामा आहेत, आयुष्य गॅरेजमध्ये गेलंय त्यांचं, त्यांनी नखाने एक गोळी खरवडली तर ती मेणासारखी निघून आली. म्हणाले, "अरे ह्यात ना प्रायमर आहे ना रंग कडक करणारा हार्डनर, घासायचा पॉलिश पेपर सुद्धा मारलेला नाही. ह्याला धरायला खाली काय पाहिजे का नको?"

मग तो चकाचक लुक कुठून आला, तर बफिंगमधून, म्हणजे मशीनने मारलेल्या पॉलिशमधून. काही पॉलिशमध्ये तेलकट फिलर असतो, तो बारीक ओरखड्यांत बसतो आणि सगळं गुळगुळीत दिसतं, चार धुण्यात निघून जातो. ह्या लोकांनी वरून मशीन पण जोरात फिरवलेलं. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडे पेंटची जाडी मोजायचं मशीन असतं, त्याने लावून बघितलं तर दारांवर ११५-१२० आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला काही जागी ९० च्या आत. तिथे कंपनीतूनच पेंट पातळ होता की ह्यांनी घासला हे आता सिद्ध करता येत नाही, पण एक नक्की, क्लिअर घासून गेला की तो परत येत नाही, उन्हात तिथेच पहिला फिका पडतो. आणि कामाच्या आधी मी मोबाईलवर बॉनेटचे फोटो काढले होते ते झूम करून बघितले तर टेपचे कितीतरी तुकडे डांबराच्या थेंबांजवळ होते. डांबर! रॉकेलच्या फडक्याने निघतं ते, त्याचे १८०.

सिरॅमिकचंही सांगून टाकतो, कारण तिथे सहा हजार गेलेत. नाइन एच, नाइन एच करून सांगतात ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, पेन्सिल घासून ओरखडा उठतो का बघतात. थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. पाणी निथळतं, धुवायला सोपं जातं, हे फायदे आहेत, नाही म्हणत नाही, पण शंभरच्या स्पीडने येणाऱ्या खडीपुढे त्याचं काय चालणार. खडीला थोडाफार अडवते ती पीपीएफ, म्हणजे १५०-२०० मायक्रॉनची जाड फिल्म, ती महाग असते आणि ते वेगळंच काम आहे.

तक्रार घेऊन गेलो तर आधी म्हणे तुम्ही बाहेर गाडी धुतली म्हणून वॉरंटी गेली. कार्ड नीट वाचलं, त्यावर वॉरंटी फक्त "ग्लॉस"ची, चिप हा शब्दच नाही. आणि बिलावर नुसतं "डिटेलिंग चार्जेस". मग आवाज चढल्यावर त्याने दुसरा डाव टाकला, हा जास्त डेंजर आहे. "सर टेन्शन नका घेऊ, इन्शुरन्समधून पूर्ण बॉनेट करून देतो, एक छोटा डेंट पाडून दाखवावा लागेल फक्त." म्हणजे चांगल्या पत्र्यावर हा हातोडी मारणार, मी क्लेम फॉर्मवर अपघात झाला म्हणून खोटी सही करणार, आणि पकडलं गेलं तर अडकणार मी. शिवाय एक क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो (पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो), वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आपल्या खिशातून भरायचेच. नको म्हणून सांगितलं, तर त्याचाच चेहरा असा की मीच भांडखोर.

१९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, सोबत आधीचे फोटो, नंतरचे फोटो, यूपीआयची पावती आणि "लाइफटाइम गॅरंटी" लिहिलेला त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. त्या मेसेजनेच काम केलं, कारण बिलावर काही नव्हतं. दुकानवाल्याने ३००० परत दिले आणि बाकीसाठी रोज उद्या या. आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते.

मामांनी नंतर जे केलं ते बघून मला फरक कळला. आधी गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवरचा कलर कोड बघितला, माझी सिल्की सिल्व्हर आहे, झेड२एस, त्या कोडचा रंग दुकानातून मिक्स करून आणला. बॉनेटवर पत्र्यापर्यंत गेलेले मोजले तर फक्त सहा. तेवढेच टोकदार पेपरने खरवडून गंज काढला, थिनरच्या फडक्याने पुसलं, काडीच्या टोकाने प्रायमर, वाळल्यावर रंगाचे पातळ थर, मग क्लिअर, आणि आठवडाभर हात लावायचा नाही अशी तंबी. त्यानंतर पाण्यात भिजवलेला २००० चा पेपर हलक्या हाताने आणि शेवटी कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट. आणि आधीच सांगितलं, "जवळून बघितलंस तर दिसणार हां, सिल्व्हरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चमकी असते, स्प्रेने ती सपाट बसते, काडीने लावली की कशीही बसते, मग ठिपका जरा काळा दिसतो." सामान धरून बाराशे रुपये घेतले.

म्हणून कोणी टेप चिकटवायला लागला तर आधी विचारा पत्रा कुठे कुठे उघडा आहे, प्रायमर कुठला लावणार, कोड काय. बिलावर टिपक्यांची संख्या आणि "चिप टचअप" लिहून मागा. अजिबात दिसणार नाही आणि आजच देतो, ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की गाडीची चावी परत घ्या. फिलरवालं पॉलिश मारलंय का हे बघायला मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून पैसे द्यायच्या आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात फडक्याने पुसा, फिलर असेल तर तो निघून ओरखडे परत दिसतात. ताज्या टचअपवर नको, रंग निघेल. ज्यांनी असं काम आधीच करून घेतलंय त्यांनी दुकानाशी झालेलं चॅट डिलीट करू नका.