नव्या संगणकावर पोस्टग्रेस: १४ च ठेवायचं, १६-१७ घ्यायचं की थेट १८?

जुन्या मशीनवर उबुंटू २२.०४ आणि त्याच्याबरोबर आलेलं पोस्टग्रेस १४, म्हणजे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची चौदावी आवृत्ती. नव्यावर २४.०४ टाकून पॅकेज इन्स्टॉल केलं की गुपचूप १६ येतं. डेबियन १२ वर १५, डेबियन १३ वर १७. आवृत्ती तुम्ही निवडलेलीच नसते. पोस्टग्रेस प्रकल्पाची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी (पॅकेजचा साठा) जोडली की हवी ती आवृत्ती घेता येते. निवडीचा प्रश्न खरा तिथून सुरू होतो.

त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: इथला डेटा पुन्हा दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचा आहे का? डंप, म्हणजे डेटाबेसमधला सगळा डेटा काढून घेतलेली फाइल, वरच्या आवृत्तीत सहज चढतो, खालच्या आवृत्तीत अडतो. १७ च्या पीजी-डंपने (डंप काढणारं टूल) काढलेली फाइल १६ वर चढवा, सुरुवातीलाच ‘ट्रान्झॅक्शन टाइमआउट’ नावाचं सेटिंग माहीत नाही अशी एरर येते. ही एरर निरुपद्रवी आहे, पण स्क्रिप्ट पहिल्या एररला थांबणारी असेल तर सगळं तिथेच अडकतं. म्हणून प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) १४ असेल तर लॅपटॉपवरही १४ च. यात कंजूषपणा नाही, शहाणपण आहे. फक्त १४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे. १६ चा २०२८, १७ चा २०२९ आणि १८ चा २०३० च्या नोव्हेंबरपर्यंत.

असं बंधन नसेल तर १४ सोडाच, आणि मराठी डेटा असेल तर त्याला एक जास्तीचं कारण आहे. कोडपॉइंटच्या, म्हणजे अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांच्या, क्रमाने लावलं तर ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘कौ’च्या मागे, क मध्येच अडकतं आणि ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) ळ, क्ष, ज्ञ यांना ह नंतर, आपल्या वर्णमालेसारखं बसवतं. हे कोलेशन १४ मध्येही आहे, पण कॉलमला किंवा क्वेरीत वेगळं सांगावं लागतं. अख्ख्या डेटाबेसचं डीफॉल्ट म्हणून ते १५ पासूनच देता येतं.

१५ ने एक डोकेदुखीही आणली: पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या डीफॉल्ट कप्प्यात) कुणालाही टेबल बनवायची मुभा राहिली नाही. गंमत म्हणजे १४ चा डंप चढवला तर जुन्या परवानग्या तशाच येतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. पुढे नवा डेटाबेस बनवला की ॲपचा युजर ‘परमिशन डिनाइड’वर आपटतो. त्या युजरलाच डेटाबेसचा मालक करा, प्रश्न मिटतो.

१६ आणि १७ मध्ये लॅपटॉपपुरता फरक थोडाच. १७ ची इन्क्रिमेंटल बॅकअप आणि व्हॅक्यूमची (टेबलांतली साफसफाई) मेमरी-बचत ही मोठ्या सर्व्हरची सुखं. १७ घ्यायचं ते सपोर्टच्या जास्तीच्या एका वर्षासाठी.

१८ मात्र विचार करून घ्या. असिंक्रोनस वाचन आणि वेळेनुसार क्रम लागणारे यूयूआयडी (नोंदींचे एकमेव ओळख-क्रमांक) ही त्याची जमेची बाजू. पण नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस) बनवताना चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते तपासणारे आकडे, आपोआप चालू होतात. जुन्यात ते बंद असतील तर जुना क्लस्टर थेट नव्या आवृत्तीत नेणारं पीजी-अपग्रेड जुळणी नाही म्हणून नकार देतं. मग नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवावा लागतो. पोस्टग्रेस कंटेनरमध्ये चालवायला डॉकर वापरत असाल तर १८ च्या अधिकृत इमेजमध्ये डेटाची जागा बदलली आहे: व्हॉल्यूम आता ‘डेटा’ फोल्डरवर नाही, त्याच्या वरच्या ‘पोस्टग्रेसक्यूएल’ फोल्डरवर लावायचं. नवा प्रकल्प असेल तर १८, चालतं काम हलवायचं असेल तर १७, असं आमचं मत.

आवृत्ती कुठलीही घ्या, डेटा डिरेक्टरी उचलून कॉपी करू नका. मुख्य आवृत्ती वेगळी असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही, ते एका अर्थी बरं. खरा धोका आवृत्ती तीच आणि ऑपरेटिंग सिस्टिम नवी असते तेव्हा. उबुंटू १८.०४ किंवा रेडहॅट ७ वरून पुढे येताना जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, अक्षरक्रमही तीच ठरवते) २.२८ ओलांडली जाते आणि अक्षरांचा क्रम बदलतो. इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या याद्या) जुन्या क्रमाचे राहतात. मग टेबलात असलेली ओळ शोधून सापडत नाही आणि युनिक इंडेक्समध्ये दुबार नोंदी शिरतात. एररही येत नाही. डंपमधून चढवताना इंडेक्स नव्याने बांधले जातात.

डंप काढायचा तो नव्या आवृत्तीच्या पीजी-डंपने, जुन्या सर्व्हरला जोडून. डिरेक्टरी फॉरमॅट घेतला तर चार-चार जॉब समांतर चालवता येतात. रोल (डेटाबेसचे युजर) आणि पासवर्ड डंपमध्ये येत नाहीत. ते पीजी-डंपऑलने ‘फक्त ग्लोबल्स’ म्हणून वेगळे काढा आणि आधी चढवा. पोस्टजीआयएससारखी (नकाशांच्या डेटासाठीचं) एक्स्टेन्शनं चढवण्यापूर्वीच इन्स्टॉल हवीत. शेवटी टेबलांची आकडेवारी गोळा करणारं ॲनालाइझ चालवा, नाहीतर पहिला दिवस क्वेरी रेंगाळतात. आणि एकाच उबुंटूवर दोन आवृत्त्या असतील तर दुसरी ५४३३ पोर्टवर बसते, तेव्हा ‘डेटा गायब’ म्हणण्याआधी पोर्ट बघा.