सांगलीतला फ्लॅट कंपनीकडे सोपवला, त्याला १४ महिने झाले

आम्ही दोघं नोकरीसाठी बेंगळुरूला. विश्रामबागेतला टू बीएचके भाड्यानं द्यायचा आणि बघायचा, हे सगळं एका कंपनीकडे सोपवलं. देखभालीबद्दल तक्रार नाही. नळ गळतोय म्हटलं की त्याच दिवशी प्लंबर हजर. भाडेकरू पारखण्यात मात्र मी त्यांच्यावर फार विसंबले.

पहिल्या भाडेकरूची फाइल बघून निर्धास्त झाले होते. आधार, पॅन, तीन पगाराच्या स्लिपा, शिवाय शेरा: 'आधीच्या मालकांशी बोललो, माणूस चांगला.' सात महिन्यांत तीनदा भाडं थकलं. जाताना महावितरणचं बिलही आमच्या माथी मारून गेला. मागून कळलं, 'आधीचे मालक' म्हणजे त्याचा मावसभाऊ! आता मी जुन्या घराचं लाइट बिल मागवते आणि त्यावरचं नाव फोनवरच्या माणसाशी जुळवते. स्लिपेतला पगार बँकेत तेवढाच जमा झालाय का, तेही बघते.

त्याचा करार कंपनीनं नुसता नोटरी केला होता. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. डिपॉझिटच्या वादात हे फार महागात पडलं.

पण खरी मनाला लागली ती पुढची गोष्ट. घर दीड महिना रिकामं होतं. कंपनी म्हणे, चांगली पार्टीच येत नाही. एकदा शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, मिरजेच्या हॉस्पिटलातल्या त्या दोघी सिस्टर घर बघून गेल्या, किती छान होत्या! त्यांना का नाही म्हणालीस?" माझ्यापर्यंत त्यांचा अर्जच आला नव्हता. 'एकट्या मुली मालकांना चालत नाहीत,' असं कंपनीतल्या मुलानं त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यात मी स्वतः हेच ऐकून दारोदार फिरलेय. माझ्याच नावानं दुसऱ्या कुणाला ते ऐकावं लागलं, याचा फार राग आला.

काकूंकडून नंबर घेऊन मीच फोन केला, माफी मागितली. पाच महिने झाले, त्या दोघी आमच्याच घरात राहताहेत. या वेळी करार नोंदवलाय, पोलीस ठाण्यात माहितीही दिलीय.

कंपनी सोडलेली नाही. आलेला प्रत्येक अर्ज मला पाठवायचा आणि नकार मी लेखी कळवल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून घेतलंय.