टर्मिनलमधला फाइल मॅनेजर: एमसी, रेंजर, याझी की व्हीआयएफएम?

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएस (यादी), सीडी (फोल्डर बदलणं), एमव्ही (हलवणं, नाव बदलणं) सगळं येत असतं, तरी फोल्डरमध्ये शेकड्याने फाइली साचल्या की कमांड मारत बसायचा कंटाळा येतो आणि फाइल मॅनेजर लागतोच. पर्याय बरेच आहेत, मी फक्त ज्यांच्यावर रोजचं काम केलंय त्या चारांबद्दल लिहितो. एनएनएन आणि एलएफ पण चांगले आहेत, एकदम हलके, पण त्यात बरंच काही प्लगइनने किंवा स्वतः स्क्रिप्ट लिहून जोडावं लागतं, ज्यांना ती आवड आहे त्यांनी जरूर बघा.

मिडनाइट कमांडर, म्हणजेच एमसी, १९९४ पासून आहे आणि दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर बसायची वेळ आली तर मी आजही एमसीच टाकतो. दोन पॅनेल, एफ५ कॉपी, एफ६ मूव्ह, खालच्या पट्टीत सगळं लिहिलेलंच असतं त्यामुळे वेगळं शिकायला काही नाही. टार फाइलवर (अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) एंटर मारला की सरळ आत जाता येतं, आतली एकच फाइल हवी असेल तर टारचे फ्लॅग आठवत बसावे लागत नाहीत, हे मला फार आवडतं. एसएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे, दुसरं मशीन एका पॅनेलमध्ये उघडता येतं ते वेगळंच. खटकतं ते फंक्शन की चं प्रकरण, काही टर्मिनल एफ१० स्वतःच्या मेन्यूसाठी घेतात, मग बाहेर पडायला एस्केप आणि शून्य दाबा. व्हिम या कीबोर्डवर चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरची सवय असेल तर हात सारखा वरच्या रांगेत जातो तेही त्रासाचं.

रेंजरमध्ये तीन कॉलम: मागचं फोल्डर, आत्ताचं, आणि प्रीव्ह्यू. नुसतं फिरून बघायचं असेल तर ही मांडणी मला सगळ्यात सोयीची वाटते. बल्क रिनेमला, म्हणजे बऱ्याच फाइलींची नावं एकदम बदलताना, नावांची यादी एडिटरमध्ये उघडते, आणि नावं बदलून सेव्ह केलं की पुढे काय काय एमव्ही होणार ते आधी दाखवतं, हा विचार कुणीतरी मनापासून केलाय. पायथॉनमध्ये असल्यामुळे मोठ्या फोल्डरात थोडं जड जातं, निदान मला तरी जाणवायचं, मोजून बघितलेलं नाही. याझी इथेच पुढे जातो. रस्टमध्ये लिहिलेला, २०२३ चा, सगळी कामं मागे चालतात त्यामुळे कर्सर अडकत नाही आणि टर्मिनल साथ देत असेल तर फोटोंचे प्रीव्ह्यू सुंदर दिसतात. फक्त अजून वेगाने बदलतोय, अपडेटनंतर कॉन्फिग पुन्हा बघावं लागतं.

इथपर्यंत कुठलाही घेतला तरी काम होतं. माझी निवड ठरली ती डिलीट करताना येणाऱ्या प्रश्नावर.

एमसीमध्ये एफ८ दाबलं की विचारतो, नक्की का? फोल्डर रिकामं नसेल तर परत विचारतो, आतलं सगळं पण का? रेंजर एकाहून जास्त फाइली असल्या की वाय-एन विचारतो. याझी ट्रॅशमध्ये टाकतानाही विचारतो. दिवसभर फाइली आवरत असाल तर हा प्रश्न इतक्या वेळा येतो की बोट आपोआप वाय दाबतं, वाचलं जातच नाही, म्हणजे ज्या कामासाठी प्रश्न ठेवलाय ते काम तो करतच नाही, नुसता मध्ये येतो. आणि एकदा हो म्हटलं की एमसीमध्ये फाइल गेली ती गेलीच. रेंजर आणि याझीत ट्रॅशची सोय आहे, पण ट्रॅश उघडून, शोधून, परत जागेवर आणायचं आपणच. आणि चुकीच्या फोल्डरात मूव्ह केलेल्या किंवा नाव बदललेल्या फाइलींचा तर ट्रॅशशी संबंधच नाही.

व्हीआयएफएममध्ये यू दाबायचं, बस. व्हिमसारखंच अनडू. डीडी (डी दोनदा) मारलं की फाइल त्याच्या स्वतःच्या ट्रॅशमध्ये जाते, यू मारलं की होती तिथे परत. मूव्ह, कॉपी, रिनेम सगळ्याला हे लागू आहे, पन्नास फाइलींची नावं एका फटक्यात बदलली असली तरी एका यू मध्ये जुनी नावं परत येतात, आणि कंट्रोल-आर ने रीडू. सुरुवातीला तोही विचारतो, पण कॉन्फिगमध्ये कन्फर्म नावाचा ऑप्शन आहे, त्यातून डिलीट काढायचं आणि पर्मडिलीट ठेवायचं. मग ट्रॅशमध्ये टाकताना गप्प, कायमचं पुसताना मात्र विचारणार. माझ्या मते प्रश्नाची बरोबर जागा हीच आहे. हे एकदा अंगवळणी पडलं की साफसफाई करताना हात आखडत नाही.

उणिवा आहेतच. प्रीव्ह्यू डब्ल्यू दाबून दुसऱ्या पॅनेलमध्ये मिळतो पण फोटोंसाठी स्वतः जुळवाजुळव करावी लागते, त्यात याझीच्या जवळपासही नाही. अनडूची यादी प्रोग्रॅम बंद केला की जाते, फाइली ट्रॅशमध्ये राहतात आणि एलएसट्रॅश कमांडने यादीतून परत आणता येतात. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: डिस्क भरली म्हणून लॉग उडवत असाल तर डीडी ने जागा मोकळी होत नाही, फाइल नुसती हललेली असते. तिथे कॅपिटल डीडी, किंवा नंतर एम्प्टी कमांड.

फोटो, व्हिडिओ बघत फिरणं हेच मुख्य काम असेल तर याझी घ्या, मी अडवणार नाही. व्हिम येत नसेल आणि शिकायचंही नसेल तर एमसी. बाकी, ज्यांचं काम फाइली हलवणं, नावं बदलणं, आवरणं हे आहे त्यांनी एका टेस्ट फोल्डरात काही फाइली घ्याव्यात, व्ही ने सिलेक्ट करून सीडब्ल्यू ने सगळ्यांची नावं बदलावीत, दोनतीन डीडी माराव्यात, आणि मग यू दाबत मागे यावं.