एलएलडी लिंकर: दुबार सिम्बॉल शोधायला चोख, दुरुस्ती मात्र हेडरमध्येच

जुन्या सी लायब्ररीचं बिल्ड जीसीसी १० (२०२०) किंवा क्लँग ११ या कंपायलरवर नेलं की ‘डुप्लिकेट सिम्बॉल’च्या (एकाच फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव दोनदा डिफाइन झाल्याच्या) एररची रांग लागते. कोड तोच असतो, पण कंपायलरचा डीफॉल्ट ‘-एफकॉमन’वरून ‘-एफनो-कॉमन’ झालेला असतो. हेडरमध्ये (अनेक सी फाइल्स वापरतात त्या सामाईक फाइलमध्ये) नुसतं ‘इंट लॉग_लेव्हल;’ असेल, तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये (कंपाइल झालेल्या सी फाइलमध्ये) त्याचं वेगळं डेफिनिशन तयार होतं. पूर्वी लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्स जोडणारा प्रोग्रॅम, ती सगळी गुपचूप एक करायचा.

अशा बिल्डसाठी एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचा लिंकर एलएलडी मनापासून आवडतो, तो त्याच्या एरर मेसेजमुळे. सिम्बॉलचं नाव, खाली दोन्ही डेफिनिशन्स वेगवेगळ्या ओळींवर, आणि ‘-जी’ (डीबग माहिती) लावून कंपाइल केलं असेल तर सोर्स फाइल व ओळ क्रमांकसुद्धा. लिंक करताना ‘-फ्यूज-एलडी=एलएलडी’ एवढं पुरतं. एक अडचण: २० एररनंतर तो थांबतो. मोठ्या लायब्ररीत ‘--एरर-लिमिट=०’ द्यायलाच हवं, नाहीतर वीस दुरुस्त केल्यावर पुढचे वीस समोर येतात.

दुरुस्ती अशी: हेडरमध्ये ‘एक्स्टर्न इंट लॉग_लेव्हल;’ आणि एकाच सी फाइलमध्ये ‘इंट लॉग_लेव्हल = ०;’. मग ऑब्जेक्ट फाइलमधले सिम्बॉल दाखवणारं ‘एनएम -ए’ चालवून पाहा: एका ऑब्जेक्टमध्ये ‘बी’ (डेफिनिशन इथे आहे), वापरणाऱ्या बाकीच्यांत ‘यू’ (डेफिनिशन दुसरीकडे) दिसलं पाहिजे. हेडरमध्ये अख्खं फंक्शन लिहिलेलं असेल तर ते ‘स्टॅटिक इनलाइन’ करा. आणि मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एकच ऑब्जेक्ट फाइल दोनदा आली नाही ना, हे आधी तपासा. हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

दुबार डेफिनिशन चालवून घेणारा ‘-झेड मलडेफ्स’ हा पर्याय एलएलडीही स्वीकारतो, पण सिस्टिम लायब्ररीत ते वापरू नये. पहिलं डेफिनिशन ठेवून तो पुढे जातो. पहिल्या फाइलमध्ये ‘इंट’ आणि दुसरीत ‘लाँग’ असेल, तर ६४-बिट लिनक्सवर चार बाइटच्या जागेत आठ बाइट लिहिले जातात आणि शेजारचा व्हेरिएबल बिघडू शकतो. ‘-एफकॉमन’ परत लावणं तात्पुरतं चालेल, तेही फक्त सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलच्या एररसाठी. फंक्शनवर त्याचा काहीच उपयोग नाही.

ग्नू एलडी या दुसऱ्या लिंकरवरून येणाऱ्यांनी स्टॅटिक आर्काइव्हकडे (अनेक ऑब्जेक्ट फाइल्सच्या एका गठ्ठ्याकडे) खास लक्ष द्यावं. ग्नू एलडी कमांडमधल्या क्रमाने एकदाच पुढे जातो. एलएलडी आधी येऊन गेलेले आर्काइव्हही लक्षात ठेवतो. एकच फंक्शन दोन आर्काइव्हमध्ये असेल तर तो वेगळी प्रत उचलू शकतो, आणि त्या प्रतीसोबत आलेल्या दुसऱ्या सिम्बॉलमुळे नवा एरर उभा राहतो. ‘--वॉर्न-बॅकरेफ्स’ लावल्यावर क्रमामुळे फरक पडणाऱ्या अशा जागांची वॉर्निंग मिळते.